स्ट्रीमिंग बॉक्स घेण्याआधी रिसीव्हरची मागची बाजू पाहा

प्रश्न : आमच्याकडे ६५ इंची ४के टीव्ही आहे आणि तो डॉल्बी व्हिजन दाखवतो. त्याच्या जोडीला २०१७ साली घेतलेला एव्ही रिसीव्हर (स्पीकरांना ध्वनी पुरवणारे यंत्र) आहे. पाच स्पीकर, एक सबवूफर आणि छतात दोन स्पीकर अशी मांडणी आहे. टीव्हीतील ॲप आता फारच संथ झाली असून काहींना नवी आवृत्तीही मिळत नाही, म्हणून वेगळा स्ट्रीमिंग बॉक्स घ्यायचे ठरवले आहे. ॲपल टीव्ही ४के, गूगल टीव्ही स्ट्रीमर, फायर टीव्ही स्टिक ४के मॅक्स, एनव्हिडिया शील्ड टीव्ही प्रो आणि खोक्यावर ठळकपणे ‘८के’ छापलेला एक अनोळखी, पण बराच स्वस्त बॉक्स, यांपैकी कोणता घ्यावा हे ठरत नाही. सध्या चित्रपटाच्या नावाखाली ‘ॲटमॉस’ असे दिसते, पण रिसीव्हरवर नेहमी ‘डॉल्बी डिजिटल’ एवढेच उमटते आणि छतातील स्पीकर मुके राहतात. टीव्हीपासून रिसीव्हरपर्यंत ऑप्टिकल केबल आहे. कॅमेरा सावकाश फिरतो तेव्हा चित्र अडखळते. रोज सगळे घर सबस्क्रिप्शनवरचेच पाहते. माझ्या स्वतःच्या डिस्कवरून उतरवलेले चाळीसेक चित्रपट मात्र नेटवर्क ड्राइव्हवर आहेत, तेही याच बॉक्सवर पाहता आले तर हवे आहेत. आणखी एक तक्रार अशी की संवाद हळू ऐकू येतात आणि स्फोट मात्र घर हलवतात. आम्ही पडद्यापासून नऊ फुटांवर बसतो. — एक वाचक

उत्तर :

प्रिय वाचक,

आपल्या पत्रात ऑप्टिकल केबलचा उल्लेख आला आणि छतातील स्पीकर मुके का, याचे उत्तर मला तिथेच मिळाले. ही जोडणी १९८०च्या दशकातली आहे. तिच्यातून दोन वाहिन्यांचा साधा, न दाबलेला पीसीएम ध्वनी जातो, किंवा जुन्या पद्धतीने दाबलेला ५.१ वाहिन्यांचा (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) डॉल्बी डिजिटल अथवा डीटीएस जातो; त्यापलीकडे तिची धाव नाही. स्ट्रीमिंग सेवा ॲटमॉस (उंचीवरच्या स्पीकरांसाठीही माहिती असलेला डॉल्बीचा ध्वनी) पाठवतात ते डॉल्बी डिजिटल प्लस नावाच्या पुढच्या पिढीच्या वेष्टनात, आणि ते वेष्टन या केबलला पेलत नाही. मग टीव्ही ते स्वतःच उलगडतो, उंचीची माहिती बाजूला टाकतो, उरलेले ५.१ मध्ये बसवून पुढे पाठवतो, आणि रिसीव्हर जे हाती आले त्याचे नाव इमानेइतबारे दाखवतो. सर्वांत महागडा बॉक्स आणून टीव्हीच्या मागे खोचला आणि ही केबल तशीच राहू दिली, तर उद्याही तीच अक्षरे उमटतील.

म्हणून बॉक्सची निवड मी शेवटच्या टोकाकडून सुरू करतो. रिसीव्हर काय स्वीकारतो, टीव्ही काय दाखवतो, त्यांच्यामधील वाट कशी आहे आणि आपण प्रत्यक्षात काय पाहणार आहात, हे आधी कळले की पाच नावांपैकी तीन आपोआप गळतात.

तेव्हा एक विजेरी घेऊन रिसीव्हरच्या मागे वाका. तिथल्या प्रत्येक एचडीएमआय खाचेजवळ बारीक अक्षरांत काही छापलेले असते. ‘एचडीसीपी २.२’ ही अक्षरे शोधा. चित्रपटाची नक्कल होऊ नये म्हणून प्रवाह ज्या कुलपात बंद करून पाठवतात, त्या कुलपाची ही आवृत्ती आहे, आणि ४के चित्रपटासाठी साखळीतील प्रत्येक यंत्राकडे तिची किल्ली असावी लागते. एकाकडे जरी नसली, तरी बॉक्स मुकाट्याने १०८० रेषांवर उतरतो किंवा पडदा काळा ठेवतो. ४के नवे होते त्या काळातील काही रिसीव्हरांत सगळ्या खाचा सारख्या नव्हत्या. एक-दोन खाचांतच २.२ असे आणि बाकीच्या जुन्याच ठेवलेल्या असत. २०१७ पर्यंत हा घोळ बराच निवळला होता, तरी खात्री डोळ्यांनी केलेली बरी. खाचा एचडीएमआय २.० च्या असल्या तर काळजी नको. सेकंदाला १८ गिगाबिट एवढी त्यांची क्षमता ४के, सेकंदाला ६० चौकटी आणि एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणारे चित्र) यांना पुरते. ४८ गिगाबिटांची २.१ ही आवृत्ती ४के खेळ सेकंदाला १२० चौकटींनी खेळणाऱ्यांच्या कामाची आहे, आणि चित्रपट पाहणाऱ्याने केवळ तिच्यासाठी रिसीव्हर बदलण्याचे मला काहीच कारण दिसत नाही.

यानंतरचा प्रश्न डॉल्बी व्हिजनचा, म्हणजे एचडीआरच्याच एका प्रकाराचा, आहे. रिसीव्हर चित्राला हात लावत नाही, फक्त पुढे सोडतो. पण पुढे सोडण्यासाठीही त्याला तो प्रवाह ओळखता यावा लागतो. त्या सुमाराच्या अनेक रिसीव्हरांना ही ओळख विक्रीनंतर आलेल्या सॉफ्टवेअर अद्ययावतीकरणातून मिळाली, त्यामुळे खोक्यावर तिचा उल्लेख नसतो आणि मालकालाही ती ठाऊक नसते. एकदा रिसीव्हर इंटरनेटला जोडून अद्ययावत करून घ्या आणि मगच त्याच्या मेनूत शोधा.

याच मेनूत एक दडलेला पर्याय आहे आणि लोकांच्या कितीतरी संध्याकाळी त्याच्यापायी वाया गेलेल्या मी पाहिल्या आहेत. बऱ्याच रिसीव्हरांत ‘४के सिग्नल फॉरमॅट’ अशा नावाची एक ओळ असते. ती कारखान्यातून ‘स्टँडर्ड’वर येते आणि ‘एन्हान्स्ड’वर नेल्याशिवाय पूर्ण १८ गिगाबिटांचा मार्ग खुला होत नाही. टीव्हीतही असेच असते. एलजीच्या टीव्हीत तिला ‘एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर’ म्हणतात, सॅमसंगच्या टीव्हीत ‘इनपुट सिग्नल प्लस’ म्हणतात, आणि कितीतरी टीव्हींत ती खाचेगणिक वेगळी चालू करावी लागते. ती बंद असताना बॉक्स जोडला, तर बॉक्सच्या पडद्यावर डॉल्बी व्हिजनचा पर्यायच राखाडी दिसतो, आणि माणूस बॉक्सला दोष देत तो परत करायला निघतो.

ही तपासणी झाली की वाट ठरते. रिसीव्हर डॉल्बी व्हिजन पुढे सोडत असेल, तर बॉक्स थेट रिसीव्हरला जोडावा आणि रिसीव्हरपासून टीव्हीला एकच एचडीएमआय केबल न्यावी. ध्वनी आधी रिसीव्हरकडे पोहोचतो, टीव्हीच्या मध्यस्थीची गरज राहत नाही आणि ऑप्टिकल केबल काढून कपाटात ठेवता येते. ही मला सर्वांत पसंत असलेली जोडणी आहे.

रिसीव्हर सोडत नसेल, तर मात्र बॉक्स टीव्हीला जोडून ध्वनी आर्क मार्गाने, म्हणजे एचडीएमआय केबलमधूनच उलट दिशेने, रिसीव्हरकडे परत आणावा लागेल, आणि इथे बॉक्सची निवड खरोखर बदलते. टीव्हीच्या एका खाचेवर ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ असे लिहिलेले असते. साधा आर्क २००९च्या एचडीएमआय १.४ बरोबर आला. तो डॉल्बी डिजिटल प्लस वाहून नेतो, म्हणजे स्ट्रीमिंगचे ॲटमॉस त्यातून जाऊ शकते. पण डिस्कवरचे ट्रूएचडी, म्हणजे काहीच न गाळलेला ध्वनी, त्यातून जात नाही आणि अनेक वाहिन्यांचा न दाबलेला पीसीएमही जात नाही. ई-आर्क हे दोन्ही नेतो, परंतु त्यासाठी टीव्ही आणि रिसीव्हर दोघांकडेही तो असावा लागतो, आणि २०१७च्या रिसीव्हरकडे तो असण्याची आशा कमीच आहे. आता गंमत अशी की फायर टीव्ही आणि गूगल टीव्ही स्ट्रीमर हे डॉल्बी डिजिटल प्लस आहे तसे पुढे देऊ शकतात, त्यामुळे साध्या आर्कवरही छतातील स्पीकर बोलू लागतात. ॲपल टीव्ही तसे करत नाही. तो ध्वनी आतल्या आत उलगडतो आणि पीसीएमच्या रूपात, उंचीची माहिती सोबत जोडून, डॉल्बी मॅट नावाच्या पद्धतीने पाठवतो. ॲटमॉस जाणणाऱ्या रिसीव्हरला ते थेट एचडीएमआयने मिळाले तर गुणवत्तेत काही कमी होत नाही. पण तेच टीव्हीतून साध्या आर्कवर आणायचे, तर टीव्हीने ते पुन्हा दाबून द्यावे लागते, आणि सगळे टीव्ही ते करत नाहीत. एकच बॉक्स एका घरी उत्तम आणि दुसऱ्या घरी मुका, असे ऐकू येते त्यामागे बहुधा हेच असते.

चित्राबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिथे चिंता करण्यासारखे कमी आहे. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख बिंदू, म्हणजे १०८०च्या चौपट. पण ६५ इंची पडद्यावर, निकोप डोळ्याला १०८०चे सुटे बिंदू साधारण साडेआठ फुटांच्या आतच वेगळे ओळखता येतात. आपण नऊ फुटांवर बसता, तेव्हा निव्वळ बिंदूंच्या संख्येतून मिळणारा लाभ आपल्या सोफ्यापर्यंत जेमतेम पोहोचतो. तिथे बसूनही स्पष्ट दिसतो तो एचडीआरचा फरक : अंधाऱ्या खोलीतील दिव्याची ज्योत पांढऱ्या ठिपक्याऐवजी पिवळी-केशरी राहते, आणि मावळतीच्या आकाशात रंगांच्या पायऱ्या पडत नाहीत. या एचडीआरचे प्रकार अनेक आहेत. एचडीआर १० सर्वत्र चालतो आणि तो संपूर्ण चित्रपटाला एकच सूचना देतो. डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर १० प्लस हे दृश्यागणिक सूचना बदलू शकतात. सॅमसंगच्या टीव्हीत डॉल्बी व्हिजन नसते, त्यामुळे त्या घरांत बॉक्सवरच्या त्या चिन्हाला अर्थ राहत नाही आणि एचडीआर १० प्लस पाहावा लागतो. आपल्या टीव्हीत डॉल्बी व्हिजन आहे, तेव्हा बॉक्सकडेही ते असावे, एवढे पुरे. आपण निवडलेल्या चार नामवंत बॉक्सांपैकी चारही ते देतात.

अडखळणाऱ्या चित्राकडे मात्र सावकाश पाहू या, कारण माझ्या मते चांगला बॉक्स आणि साधारण बॉक्स यांतील खरा भेद इथे दिसतो. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो आणि बहुतेक बॉक्स पडद्याला सेकंदाला ६० चौकटी पाठवत राहतात. साठाला चोविसाने भागले तर अडीच येतात, आणि अर्धी चौकट दाखवता येत नाही. मग एक चौकट तीनदा, पुढची दोनदा, पुन्हा एक तीनदा, अशी लंगडी चाल धरावी लागते; एक चौकट सेकंदाचा विसावा भाग टिकते, तर तिच्या पुढची तिसावा भाग. माणसे बोलत असताना हे जाणवत नाही. पण कॅमेरा एखाद्या इमारतीवरून हळूहळू सरकू लागला की खिडक्यांच्या चौकटी, कुंपणाचे गज, श्रेयनामावलीतली वर चढणारी अक्षरे, अशा उभ्या-आडव्या कडा ठेच लागल्यासारख्या पुढे जातात. आपण जे अडखळणे म्हणता ते बहुधा हेच आहे. त्यावर उपाय म्हणजे बॉक्सने चित्रपट सुरू होताच पडद्याला २४ची गती घ्यायला सांगणे. टीव्हीने ती स्वीकारली की प्रत्येक चौकट सारखाच वेळ टिकते.

ॲपल टीव्हीत ‘मॅच कंटेंट’ या नावाखाली दोन कळी आहेत, एक चौकटींच्या गतीसाठी आणि दुसरी एचडीआरसाठी, आणि बहुतेक मोठी ॲप त्यांचे ऐकतात. फायर टीव्ही आणि गूगल टीव्ही यांच्यातही गती जुळवण्याचा पर्याय आहे, पण तिथे ॲपने साथ दिली तरच तो उपयोगी पडतो, आणि सगळी ॲप ती देत नाहीत. गती बदलताना पडदा दोन-तीन सेकंद काळा होतो. घरातील मंडळी त्यावर ‘बिघडले का?’ असे विचारतील, त्यांना आधी सांगून ठेवा. दुसरी कळही तितकीच महत्त्वाची आहे. ती बंद ठेवून बॉक्सला कायम एचडीआरवर सोडले, तर बातम्या आणि जुन्या मालिकाही ओढूनताणून एचडीआर केल्या जातात आणि चेहरे भडक किंवा धुरकट दिसतात. बॉक्स साध्या ४केवर ठेवावा, दोन्ही कळी चालू कराव्यात आणि जे जसे बनले आहे ते तसेच पडद्यावर येऊ द्यावे. टीव्हीने स्वतःच्या बळावर मधल्या चौकटी रचून गती गुळगुळीत करण्याचा पर्याय चालू असेल, तर चित्रपटांसाठी तो बंद करा. तो चालू ठेवून तुलना केली तर बॉक्समुळे काय सुधारले ते कळणारच नाही.

आता आपल्या चाळीस चित्रपटांकडे वळतो. डिस्कवरचे ॲटमॉस बहुधा ट्रूएचडी या स्वरूपात असते. त्यात मूळ ध्वनीतील काहीच गाळलेले नसते आणि त्याचा प्रवाह सेकंदाला १८ मेगाबिटांपर्यंत जाऊ शकतो. नेटफ्लिक्सवरचे ॲटमॉस ७६८ किलोबिटांपर्यंतच असते. हा फरक कागदावर अवाढव्य वाटतो. कानाला तो तितका मोठा वाटत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे, कारण मिश्रण चांगले असेल तर ७६८ किलोबिटांतही पाऊस छतावरच पडतो. तरीही स्वतःच्या संग्रहावर जीव असलेल्या माणसाला तो प्रवाह जसाच्या तसा रिसीव्हरपर्यंत गेलेला हवा असतो, आणि ते मी समजू शकतो. हे काम शील्ड टीव्ही प्रो नीट करतो. तो ट्रूएचडी ॲटमॉस, डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ आणि डीटीएस:एक्स हे सगळे न उलगडता पुढे देतो, त्याला गिगाबिट इथरनेट (केबलने नेटवर्क जोडण्याची खाच) आहे आणि दोन यूएसबी खाचाही आहेत. मात्र हे यंत्र २०१९चे आहे. त्यात एव्ही१ या चित्र दाबण्याच्या नव्या पद्धतीचा प्रवाह उलगडण्याची सोय नाही, एचडीआर १० प्लस नाही, आणि यूट्यूबवरचे एचडीआर त्यावर दिसत नाही. संग्रहासाठी तो आजही सरस आहे. रोजच्या स्ट्रीमिंगसाठी त्याच्याहून नवे पर्याय आहेत.

ॲपल टीव्हीवर इन्फ्यूजसारख्या ॲपमधून हीच फाइल लावली, तर ट्रूएचडीचा मूळ ७.१ थर काही न गमावता उलगडून पीसीएम म्हणून रिसीव्हरकडे जातो. फक्त छतातील स्पीकरांना दिलेल्या वेगळ्या सूचना वाटेत गळतात. रिसीव्हरमधील ‘डॉल्बी सराउंड’ हा मोड लावला तर तो उपलब्ध ध्वनीतून उंचीचा भाग अंदाजाने भरून काढतो. हे मूळ नव्हे, पण चाळीसपैकी किती चित्रपटांत मुळात ॲटमॉस आहे ते आधी मोजून पाहा. जुन्या डिस्क असतील तर बऱ्याच चित्रपटांत साधे ५.१च असेल, आणि त्यांच्याबाबतीत गळण्यासारखे काही नाहीच.

‘८के’ बॉक्सला माझा स्पष्ट नकार आहे. मोठ्या स्ट्रीमिंग सेवा चित्रपट ८केमध्ये देत नाहीत, आपला टीव्ही ४के आहे आणि एचडीएमआय २.० चा रिसीव्हर ८के पुढे सोडणारही नाही. त्या आकड्याचा अर्थ फार तर एवढाच की आतील चिप तशी फाइल उघडू शकते आणि मग लहान करून दाखवते. पण खरी अडचण वेगळी आहे. असे बॉक्स पुष्कळदा टीव्हीसाठीचे प्रमाणित अँड्रॉइड न वापरता फोनच्या मोकळ्या अँड्रॉइडवर वरून रंग चढवून बनवतात. सेवा ४के पाठवण्याआधी यंत्रात वाइडवाइन या कुलपाचा एल१ हा वरचा स्तर आहे का ते पाहतात. तो नसेल आणि एल३ असेल, तर डीव्हीडीच्या दर्जाचे चित्र मिळते. खोक्यावर ८के आणि पडद्यावर ४८० रेषा, असा तो मामला होतो. त्यातही भर म्हणजे, २०२५च्या जूनमध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ‘बॅडबॉक्स २.०’विषयी जाहीर इशारा दिला होता : अप्रमाणित अँड्रॉइड बॉक्सांसारख्या यंत्रांत घातक सॉफ्टवेअर कारखान्यातूनच किंवा पहिल्या मांडणीच्या वेळी शिरते, आणि मग घरचे इंटरनेट गुन्हेगारांच्या रहदारीसाठी वापरले जाते. ज्या जाळ्यावर आपला नेटवर्क ड्राइव्ह आहे, त्यावर असे यंत्र मी क्षणभरही जोडणार नाही.

तर मग कोणता? पत्रात आपण संग्रहाबद्दल लिहिलेत, पण ‘रोज सगळे घर सबस्क्रिप्शनवरचेच पाहते’ हेही लिहिलेत, आणि मी या दुसऱ्या वाक्यावर भर देतो. आपला रिसीव्हर डॉल्बी व्हिजन पुढे सोडत असेल, तर ॲपल टीव्ही ४के घ्या, आणि घेताना १२८ गिगाबाइटचाच घ्या. साठवण जास्त म्हणून नव्हे. २०२२च्या आवृत्तीत इथरनेटची खाच फक्त त्यातच आहे, ६४ गिगाबाइटच्या मॉडेलमध्ये ती नाही. गती जुळवण्याचे काम तो सर्वांत भरवशाने करतो आणि रोज पाहणाऱ्यांच्या डोळ्यांना तेच सर्वाधिक जाणवणार आहे. रिसीव्हर डॉल्बी व्हिजन सोडत नसेल आणि टीव्ही किंवा रिसीव्हरकडे फक्त साधा आर्क असेल, तर गूगल टीव्ही स्ट्रीमर टीव्हीला जोडा; २०२४च्या या बॉक्सला गिगाबिट इथरनेट आणि ३२ गिगाबाइट साठवण आहे, फक्त खोक्यात एचडीएमआय केबल येत नाही, ती वेगळी घ्यावी लागते. फायर टीव्ही स्टिक ४के मॅक्स चित्र आणि ध्वनी दोन्ही बाबतींत मागे नाही, पण तिच्या मुख्य पडद्यावरील जाहिरातींचा मला कंटाळा येतो. हे माझे वैयक्तिक मत समजा. आणि मोजणीअंती चाळीसपैकी तीस चित्रपट ट्रूएचडी ॲटमॉसचे निघाले, तर माझे उत्तर बदला आणि शील्ड घ्या.

इथरनेटबद्दल मी आग्रही आहे, पण ते संग्रहासाठी. स्ट्रीमिंगला फार वेग लागत नाही. नेटफ्लिक्स ४केसाठी सेकंदाला १५ मेगाबिट सुचवते, आणि चांगल्या ५ गिगाहर्ट्झ वाय-फायवर ते सहज मिळतात. उलट अल्ट्रा एचडी ब्लू-रेचा प्रवाह १२८ मेगाबिटांपर्यंत उसळू शकतो. स्टिकसाठी वेगळे मिळणारे इथरनेटचे जोडयंत्र १०० मेगाबिटांचे असते, त्यामुळे न दाबता उतरवलेली फाइल नेमकी गर्दीच्या दृश्यात थांबते आणि गोल फिरणारे चक्र दिसू लागते. आणखी एक गोष्ट म्हणजे सबस्क्रिप्शनची योजना पाहून घ्या. नेटफ्लिक्सवर ४के आणि ॲटमॉस सर्वांत वरच्या योजनेतच मिळतात. खालच्या योजनेवर असाल तर वर लिहिलेले सगळे करूनही पडद्यावर फार तर १०८०च येईल.

केबलकडे दुर्लक्ष करू नका, हे मी ठेच लागल्यावर शिकलो आहे. माझ्याकडे नवा बॉक्स आला तेव्हा डॉल्बी व्हिजनचे चित्र दर काही मिनिटांनी क्षणभर काळे होई आणि कधी कधी गडद भागांत पांढरे कण चमकत. दोन संध्याकाळी मी मेनू पालथे घातले, बॉक्स दोनदा कारखान्याच्या स्थितीला नेला, आणि शेवटी दोष निघाला भिंतीतून गेलेल्या जुन्या लांब केबलमध्ये. १०८० तिला पेलत होते, १८ गिगाबिट पेलत नव्हते. बॉक्स ते रिसीव्हर आणि रिसीव्हर ते टीव्ही अशा दोन्ही केबलींच्या वेष्टनावर ‘प्रीमियम हाय स्पीड’ किंवा ‘अल्ट्रा हाय स्पीड’ प्रमाणपत्राची चिकटपट्टी आहे ना, ते पाहा. सोन्याचा मुलामा वगैरेंसाठी जास्त मोजण्याची गरज नाही.

बॉक्स बसवल्यावर पहिल्या संध्याकाळी चित्रपटाआधी रिसीव्हरच्या दर्शनपट्टीकडे बघा. ॲपल टीव्हीवर साधा ५.१ कार्यक्रम लावला की तिथे ‘मल्टी चॅनल पीसीएम’ किंवा तत्सम काही उमटेल. तो दोष नाही, ध्वनी आत उलगडून आला आहे एवढाच त्याचा अर्थ आहे. ॲटमॉसचा चित्रपट लावला की ‘डॉल्बी ॲटमॉस’ दिसायला हवे. न दिसल्यास बॉक्सच्या ध्वनी-मेनूत स्वरूप जबरदस्तीने बदलण्याचा पर्याय बंद आहे का आणि ॲटमॉस चालू आहे का ते पाहा, आणि त्या चित्रपटाच्या ध्वनींच्या यादीत मूळ भाषेची पट्टी निवडली आहे ना तेही पाहा, कारण भाषांतरित पट्ट्यांत बऱ्याचदा ५.१ किंवा स्टिरिओच असते.

संवादांच्या तक्रारीला बॉक्स फारसा जबाबदार नाही. चित्रपटगृहासाठी केलेल्या मिश्रणात हळू आणि मोठ्या आवाजातील अंतर मुद्दाम जास्त ठेवलेले असते, आणि बहुतेक सगळे संवाद एकट्या मधल्या स्पीकरमधून येतात. तो स्पीकर टीव्हीखालच्या कपाटात आत ढकलला गेला असेल तर कडेपर्यंत पुढे ओढा आणि त्याचे तोंड किंचित वर, बसणाऱ्याच्या कानांकडे करा. मग रिसीव्हरच्या स्पीकर-मेनूत फक्त मधल्या वाहिनीची पातळी दोन ते तीन डेसिबलने वाढवा. रात्री घर झोपलेले असताना रिसीव्हरचा नाइट मोड किंवा डायनॅमिक रेंज कमी करण्याचा पर्याय लावा, आणि शनिवारी दुपारी मोठ्याने पाहायचे असेल तेव्हा तो आठवणीने काढा, नाहीतर चांगला रिसीव्हर असूनही सगळे सपाट ऐकू येईल. मधल्या स्पीकरचे हे काम करायला नव्या बॉक्सची वाट पाहावी लागत नाही. आज रात्रीच करून पाहा, आणि संवाद मोकळे झाले की मगच बॉक्ससाठी बाहेर पडा.